आयोनियन बेटं : सात बेटांचे ध्वज आणि इतिहास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयोनियन बेटं म्हणजे नेमकी कोणती?

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळची सात मोठी बेटं: केर्किरा (कॉर्फू), पाक्सी, लेफ्कादा, इथाका, केफालोनिया, झाकिंथोस आणि किथिरा. ग्रीक लोक या समूहाला 'एप्तानिसा', म्हणजे 'सात बेटं', म्हणतात. पहिली सहा एका ओळीत आहेत. किथिरा मात्र पेलोपोनेस या दक्षिण ग्रीसमधल्या द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाखाली, बाकीच्यांपासून बरंच दूर आहे. आज त्याचा कारभारही अॅटिका, म्हणजे अथेन्सच्या, प्रदेशातून चालतो. ध्वजावर सात बाण आणि प्रशासकीय नकाशात सहा बेटं दिसली की अनेकांचा गोंधळ होतो, तो यामुळेच.

जुनी कागदपत्रं वाचताना इटालियन नावं लक्षात ठेवावी लागतात. झाकिंथोसचं झांते, लेफ्कादाचं सांता माऊरा, किथिराचं चेरिगो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या नकाशांवर बहुतेक वेळा हीच नावं असतात.

मराठीतला 'यवन' हा शब्द या बेटांवरून आला का?

नाही. 'यवन' आला तो आयोनियावरून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्राचीन ग्रीक वस्त्यांवरून. तिथल्या ग्रीकांना इराणी लोक 'यौन' म्हणत आणि ती हाक पूर्वेकडे पसरत आपल्यापर्यंत आली. आयोनियन समुद्र आणि ही बेटं पार दुसऱ्या बाजूला, इटलीच्या दिशेला आहेत. ग्रीक लिपीत दोन्ही नावं वेगळी लिहितात: समुद्राच्या नावातला 'ओ' ऱ्हस्व (ओमिक्रॉन), तर आयोनियाच्या नावातला दीर्घ (ओमेगा). देवनागरीत आणि रोमन लिपीत हा फरक पुसला जातो, म्हणून ही चूक इतकी पसरली आहे.

ग्रीक बेटांच्या ध्वजावर व्हेनिसचा सिंह कसा?

ही बेटं कित्येक शतकं व्हेनिसच्या ताब्यात होती, म्हणून. केर्किरावर व्हेनिसची सत्ता १३८६ ते १७९७, म्हणजे ४११ वर्षं टिकली. झाकिंथोस १४८० च्या दशकात, केफालोनिया १५०० मध्ये आणि लेफ्कादा थेट १६८४ मध्ये, ऑटोमन तुर्कांकडून, व्हेनिसकडे आलं. ग्रीसचा बहुतेक मुलूख ऑटोमनांकडे असताना केर्किरा मात्र त्यांना कधीच घेता आलं नाही. १५३७ चा वेढा फसला, १७१६ चाही फसला. दुसऱ्या वेढ्यात बचावाची सूत्रं व्हेनिसच्या चाकरीतला जर्मन सेनानी शुलेनबुर्ग याच्याकडे होती.

पंखांचा सिंह हे संत मार्क याचं चिन्ह आणि मार्क हा व्हेनिसचा रक्षक संत. व्हेनिसचं निशाण लाल कापडाचं, त्यावर सोनेरी सिंह आणि मोकळ्या बाजूला शेपट्यांसारख्या लांब पट्ट्या. सिंहाच्या पंजाखालचं पुस्तक उघडं असेल तर शांतता आणि हाती तलवार असेल तर युद्ध, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. त्याचा उपयोग इशारा म्हणून करावा, कालनिर्णयासाठी करू नये. उघड्या पुस्तकाचे सिंह युद्धाच्या वर्षांतही कोरलेले सापडतात.

१७९७ ते १८६४ या काळात कोणकोणती निशाणं फडकली?

हा भाग सर्वांत गुंतागुंतीचा आहे, म्हणून क्रमाने सांगतो.

१७९७ च्या मे महिन्यात नेपोलियनपुढे व्हेनिसचं प्रजासत्ताक कोसळलं आणि उन्हाळ्यात फ्रेंच फौज केर्किरावर उतरली. सिंहाची जागा फ्रेंच तिरंग्याने घेतली. उमरावांच्या नावांची 'सोनेरी वही' चौकात जाळण्यात आली. ऑक्टोबरच्या कांपो फोर्मियो तहाने बेटं रीतसर फ्रान्सकडे गेली आणि त्यांचे तीन फ्रेंच विभाग झाले.

वर्षभरातच रशिया आणि ऑटोमन साम्राज्य, हे हाडवैरी, फ्रान्सविरुद्ध एक झाले. रशियन दर्यासारंग उशाकोव्ह आणि ऑटोमन दर्यासारंग कादिर बे यांच्या संयुक्त आरमाराने एकेक बेट घेतलं. केर्किराचा किल्ला ३ मार्च १७९९ रोजी शरण आला. त्यानंतर १८०० मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या तहाने 'सप्तद्वीप प्रजासत्ताक' जन्माला आलं. निळ्या कापडावरचा सोनेरी सिंह हा त्याचा ध्वज.

१८०७ मध्ये तिल्सितच्या तहात रशियाने बेटं नेपोलियनला देऊन टाकली आणि फ्रेंच तिरंगा परत आला. १८०९ मध्ये ब्रिटिशांनी झाकिंथोस, केफालोनिया, इथाका आणि किथिरा घेतली, १८१० मध्ये लेफ्कादा. पाक्सी आणि केर्किरा १८१४ पर्यंत फ्रेंचांकडे राहिली. म्हणजे १८१० ते १८१४ या काळात शेजारशेजारच्या बेटांवर दोन शत्रूंची निशाणं होती. 'त्या काळचा बेटांचा ध्वज कोणता' असं विचारण्याआधी कोणतं बेट ते ठरवावं लागतं.

५ नोव्हेंबर १८१५ च्या पॅरिस तहाने सातही बेटं 'आयोनियन बेटांची संयुक्त संस्थानं' या नावाखाली ब्रिटिश संरक्षणात आली. १८६४ मध्ये ती ग्रीसमध्ये विलीन झाली.

१८०० च्या ध्वजावर नेमकं काय आहे?

निळं कापड. त्यावर काठीकडे तोंड केलेला, सोनेरी, पंखांचा सिंह. त्याच्या पंजाशी मिटलेलं पुस्तक आणि सात दांड्यांचा जुडगा. काही चित्रांत हे भाले दिसतात, काहींत बाण. संख्या मात्र सातच असली पाहिजे, एका बेटाला एक. सोबत क्रूस आणि ग्रीक अक्षरांत 'आल्फा-ओमेगा'.

ग्रीक वर्णमालेतली ही पहिली आणि शेवटची अक्षरं बघून पुष्कळ जण 'आदी आणि अंत' असा ख्रिस्ती अर्थ लावतात. तो चुकीचा आहे. ग्रीकांमध्ये अक्षरांनी आकडे लिहायची पद्धत होती. आल्फाच्या खाली डावीकडे छोटी तिरपी रेघ दिली की त्याचं मूल्य १ ऐवजी १०००, आणि ओमेगाचं मूल्य ८००. दोन्ही मिळून १८००, प्रजासत्ताकाच्या स्थापनेचं वर्ष. आजच्या नकलांमध्ये नेमकी ती रेघच गाळलेली असते आणि मग वर्षाचं धर्मवाक्य होऊन बसतं.

सिंह व्हेनिसचाच ठेवला, मग नवीन काय होतं?

सिंहाभोवतीचं सगळं. लाल गेलं, निळं आलं. उघडं पुस्तक मिटलं. व्हेनिसच्या सिंहाकडे बेटांचा मागमूस नव्हता. इथे सात दांड्या एकत्र बांधल्या गेल्या. तारीख ग्रीक आकड्यांत आली, आणि तीही अशा राज्यात जिथे सरकारी कामकाजाची भाषा इटालियन होती. ध्वज ठरवणारे लोक जुन्याच सरदार घराण्यांतले, सिंहाला सरावलेले. त्यांनी ओळखीचं चिन्ह ठेवून मालक बदलला. आमच्या मते हा ध्वज वाचायचा असेल तर नजर सिंहावर अडू देऊ नये. पंजात काय आहे आणि कोपऱ्यात काय आहे ते बघावं.

सप्तद्वीप प्रजासत्ताक खरोखर स्वतंत्र होतं का?

कायद्याने ते ऑटोमन सुलतानाचं मांडलिक होतं. दर तीन वर्षांनी ७५,००० पियास्त्र खंडणी ठरली होती आणि रशिया हमीदार होता. नमुना होता राग्युझाचा, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकचा. व्हेनिसच्या ताब्यातली समोरच्या किनाऱ्यावरची ठाणी, उदाहरणार्थ पार्गा आणि प्रेवेझा, या तहात बेटांना मिळाली नाहीत.

तरीही त्याला बाहुलं म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यानंतर ग्रीकांनी स्वतः चालवलेलं, स्वतःची राज्यघटना असलेलं हे पहिलं राज्य. इथेच इओआनिस कापोदिस्त्रियास या तरुण डॉक्टरने राज्याचा सचिव म्हणून कारभाराचे धडे घेतले. पुढे तो रशियाचा परराष्ट्रमंत्री झाला आणि १८२८ मध्ये स्वतंत्र होऊ घातलेल्या ग्रीसचा पहिला शासक म्हणून नाफ्प्लिओला उतरला. १८३१ मध्ये तिथेच त्याची हत्या झाली.

ब्रिटिशांनी ध्वजात काय बदल केला?

काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात युनियन जॅक बसवला. कापड निळंच, भोवती लाल कड, आणि मोकळ्या भागात सात बाण धरलेला सिंह.

हा बदल मनमानी नव्हता, तहात लिहिलेला होता. पॅरिस तहाच्या सातव्या कलमानुसार बेटांचा व्यापारी ध्वज हा 'स्वतंत्र राज्याचा ध्वज' म्हणून सर्वांनी मानायचा होता. त्यावर १८०७ पूर्वीचे रंग आणि चिन्हं ठेवायची होती आणि वर संरक्षणाची खूण म्हणून ब्रिटनचा राजा देईल ते चिन्ह जोडायचं होतं. १८१७ च्या घटनेने जागाही ठरवली: वरचा कोपरा, काठीशेजारी. किल्ल्यांवर एरवी ब्रिटिश निशाण राही. बेटांच्या चिन्हांचं निशाण सणासमारंभाच्या दिवशी चढे. संरक्षक कोण आणि संरक्षित कोण, हे बुरुजाकडे मान वर केली की कळत होतं.

या ध्वजाला कायद्यात काही किंमत होती का?

होती, आणि ती ब्रिटिशांनाच अडचणीची ठरली. क्रिमियन युद्धात ब्रिटन आणि रशिया लढत असताना आयोनियन गलबतं रशियाशी व्यापार करत होती. त्यातली काही ब्रिटिशांनी पकडली. १८५५ मध्ये ब्रिटिश नौदल न्यायालयात प्रश्न आला: हे खलाशी शत्रूशी व्यापार करणारे ब्रिटिश प्रजाजन आहेत का? न्यायाधीश लशिंग्टन यांचा निकाल होता की नाही. आयोनियन लोक ब्रिटिश प्रजाजन नाहीत आणि ब्रिटनने युद्ध पुकारलं म्हणून ही बेटं आपोआप युद्धात उतरत नाहीत. संरक्षित राज्य म्हणजे काय, हे शिकवताना कायद्याच्या पुस्तकांत हा खटला अजूनही येतो.

चित्र खरं आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

आधी कापडाचा रंग पाहा. लाल असेल आणि शेपट्या असतील तर व्हेनिस. निळं असेल तर १८०० नंतरचं.

मग कोपरा. तिथे युनियन जॅक असेल तर १८१५ नंतरचं. त्या जॅकमध्ये लाल तिरपी फुली हवीच, कारण ती १८०१ मध्ये आयर्लंडसाठी जोडली गेली. ती नसलेली चित्रं आजच्या रेखाटकांच्या चुका आहेत. काठीच्या बाजूला, वरच्या अर्ध्या भागात रुंद पांढरी तिरपी पट्टी लाल पट्टीच्या वर असते. खाली असेल तर जॅक उलटा काढला आहे.

त्यानंतर दांड्या मोजा. पाच किंवा सहा निघाल्या तर चित्र छोट्या प्रतीवरून ओढलेलं असणार. जुडगा घट्ट काढला की लहान आकारात दांड्या एकमेकींत मिसळतात. छपाईला देताना त्या पंख्यासारख्या किंचित उघडाव्यात.

तुलनेसाठी सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे नाणी. १८१९ पासूनच्या आयोनियन नाण्यांवर एका बाजूला सिंह आणि सात बाण, भोवती ग्रीकमध्ये 'आयोनियन राज्य', आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री. कापड विटतं, फाटतं. तांब्यावरचा ठसा टिकतो. टपाल तिकिटांचा मात्र इथे उपयोग नाही. १८५९ ची तीनही तिकिटं, नारिंगी, निळं आणि गडद लाल, राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याची आहेत. त्यांच्यावर सिंह नाही आणि किंमतही छापलेली नाही. ती रंगावरून ओळखायची.

प्रतिकृती शिवून घ्यायची असेल तर काय सांभाळावं?

सिंहाचं तोंड दोन्ही बाजूंनी काठीकडे हवं. एकेरी कापडावर छापलं तर सिंह मागून बरोबर दिसतो, पण ग्रीक अक्षरं उलटी होतात. म्हणून दोन थर लागतात, मध्ये अपारदर्शक अस्तर. अस्तर विसरलं तर उन्हात मागची अक्षरं पुढून दिसतात आणि तारीख वाचता येत नाही.

एकाच घटनेच्या दोन तारखा का सापडतात?

बेटांवरचे ऑर्थोडॉक्स लोक आणि रशियन जुनं जुलियन पंचांग वापरत, तर फ्रेंच आणि ब्रिटिश नवं ग्रेगोरियन. जुन्या तारखेत अठराव्या शतकात ११ दिवस, एकोणिसाव्या शतकात १२ दिवस आणि विसाव्यात १३ दिवस मिळवायचे. घोटाळा होतो तो १८०० च्या फेब्रुवारीअखेरीस, कारण ते वर्ष जुलियन हिशेबात लीप होतं आणि ग्रेगोरियन हिशेबात नव्हतं. फरक तिथे ११ वरून १२ वर गेला. केर्किराचा किल्ला जुन्या हिशेबाने २० फेब्रुवारी १७९९ ला पडला, अधिक ११, म्हणजे ३ मार्च. प्रजासत्ताकाचा तह २१ मार्च १८०० चा, अधिक १२, म्हणजे २ एप्रिल. ग्रीसने नवं पंचांग १९२३ मध्ये स्वीकारलं.

या बेटांचा भारताशी काही संबंध आला का?

आला, तो राज्यकर्त्यांच्या बदल्यांमधून. पहिला ब्रिटिश उच्चायुक्त थॉमस मेटलंड त्याआधी सिलोनचा गव्हर्नर होता. १८३२ पर्यंत उच्चायुक्त असलेला फ्रेडरिक अॅडम त्याच वर्षी मद्रासचा गव्हर्नर झाला. मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचं नाव चार्ल्स नेपियर याचं. १८२२ ते १८३० तो केफालोनियाचा रेसिडेंट, म्हणजे उच्चायुक्ताचा तिथला प्रतिनिधी, होता आणि तिथल्या डोंगरांत त्याने रस्ते बांधले. १८४१ च्या अखेरीस तो मुंबई इलाख्यात आला, पुण्याला त्याच्याकडे लष्करी हुकमत होती, आणि १८४३ मध्ये त्याने सिंध जिंकला.

क्रिकेटही बेटांवर ब्रिटिशांबरोबरच आलं. केर्किरा शहराच्या मोठ्या मैदानावर, स्पियानादावर, १८२३ मध्ये पहिला सामना झाला आणि ग्रीसमधलं क्रिकेट आजही मुख्यतः याच बेटावर खेळलं जातं.

ब्रिटनने बेटं सोडली ती कशी?

दडपणाखाली आणि सोयीने, दोन्ही. १८४८ आणि १८४९ मध्ये केफालोनियात उठाव झाले. फाशी आणि फटके देऊन ते मोडण्यात आले. १८५० मध्ये आयोनियन विधानसभेत ग्रीसशी एकीकरणाची मागणी मांडली गेली. १८५८ मध्ये ब्रिटिश राजकारणी ग्लॅडस्टन खास आयुक्त म्हणून आले. त्यांनी सुधारणा सुचवल्या, बेटांना मात्र सुधारणा नव्हे, ग्रीस हवा होता. १८६३ मध्ये डॅनिश राजपुत्र जॉर्ज ग्रीसच्या गादीवर आला. तो ब्रिटनला पसंत होता, तेव्हा त्याच्या राज्यारोहणाची भेट म्हणून बेटं देणं सोपं झालं. २९ मार्च १८६४ ला लंडनमध्ये तह झाला. २१ मे (नव्या हिशेबाने २ जून) रोजी ब्रिटिश निशाण उतरलं आणि ग्रीक ध्वज चढला. दर वर्षी २१ मे हा एकीकरणाचा दिवस पाळतात.

तहाची एक अट क्वचितच सांगितली जाते. केर्किरा आणि पाक्सी कायमची तटस्थ ठरवली गेली, आणि जाण्यापूर्वी ब्रिटिशांनी विदो बेटावरच्या तटबंदीसह केर्किराचे कित्येक बुरुज सुरुंग लावून उडवले. ती तटबंदी बेटांच्याच पैशाने उभी राहिली होती, त्यामुळे लोकांच्या मनात हा सल बराच काळ राहिला.

आज बेटांवर कोणता ध्वज आहे? तो काढायचा कसा?

ग्रीसचा राष्ट्रध्वज. पट्ट्यांचा हा ध्वज १९७८ पासून देशाचा एकमेव राष्ट्रध्वज आहे. त्याआधी बराच काळ जमिनीवर निळ्या कापडावरचा साधा पांढरा क्रूस आणि समुद्रावर पट्ट्यांचा, अशी दोन निशाणं असत. नऊ पट्टे म्हणजे 'स्वातंत्र्य किंवा मृत्यू' या ग्रीक घोषणेतले नऊ उच्चारखंड (सिलेबल), हे प्रसिद्ध स्पष्टीकरण आहे.

प्रमाण २:३, आपल्या तिरंग्यासारखंच. ९० × १३५ सेंटीमीटरचा ध्वज घेतला तर हिशेब नेमका बसतो. प्रत्येक पट्टा १० सेंटीमीटर. वरच्या कोपऱ्यातला चौकोन ५० × ५०, म्हणजे पाच पट्ट्यांइतका. त्यात पांढऱ्या क्रूसाची रुंदी १०, त्यामुळे चार कोपऱ्यांत २० × २० चे चार निळे तुकडे उरतात. चौकोनाच्या उजवीकडे ८५ सेंटीमीटर लांबीचे तीन निळे आणि दोन पांढरे पट्टे. खाली पूर्ण १३५ लांबीचे दोन पांढरे आणि दोन निळे. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा पट्टा निळाच आला पाहिजे. शिवताना प्रत्येक पट्टा १३ सेंटीमीटर कापावा, दोन्हीकडे दीड-दीड शिलाईत जातात. १० चाच कापला तर ध्वजाची उंची कमी भरते आणि चौकोन पट्ट्यांशी जुळत नाही. निळ्या रंगाची नेमकी छटा कायद्याने बांधलेली नाही.

ग्रीसचं राष्ट्रगीतही याच बेटांचं. शब्द झाकिंथोसला जन्मलेल्या दिओनिसिओस सोलोमोस यांचे, १८२३ चे. चाल केर्किराच्या निकोलाओस मांत्झारोस यांची. एकीकरणानंतरच्या वर्षी, १८६५ मध्ये, ते राष्ट्रगीत झालं.

१८६४ नंतर परकी निशाणं पुन्हा आली का?

आली. इटलीची दोनदा, आणि त्यानंतर जर्मनीचं. १९२३ च्या ३१ ऑगस्टला इटालियन आरमाराने केर्किरावर तोफा डागल्या. जुन्या किल्ल्यात आश्रय घेतलेले निर्वासित मारले गेले. २७ सप्टेंबरला इटलीने बेट सोडलं. १९४१ मध्ये इटालियन परत आले आणि बेटं ग्रीसपासून तोडून आपल्यात घेण्याच्या तयारीने 'आयोनियन द्राख्मा' या वेगळ्या नोटाही त्यांनी चालवल्या. १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर जर्मन आले. केफालोनियात त्यांनी इटालियन अक्वी डिव्हिजनच्या हजारो सैनिकांना ठार केलं आणि जून १९४४ मध्ये केर्किराच्या ज्यूंना छळछावण्यांत धाडलं.

हे सगळं प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

केर्किरापासून सुरुवात करावी. इगुमेनित्सा बंदरातून फेरीबोटीने साधारण दीड ते दोन तास लागतात. जुनं शहर २००७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. नव्या किल्ल्याच्या भिंतींवर व्हेनिसचे सिंह दगडात आहेत. संत मायकेल आणि संत जॉर्ज यांच्या नावाचा ब्रिटिश काळातला राजवाडा स्पियानादाच्या कडेला आहे. त्यात आता आशियाई कलेचं संग्रहालय आहे आणि भारतीय वस्तूही आहेत. कापोदिस्त्रियासचं संग्रहालय शहराबाहेर आहे.

झाकिंथोस आणि केफालोनियाला किलिनी बंदरातून बोट मिळते. लेफ्कादाला बोट लागत नाही, मुख्य भूमीवरून तरंगत्या पुलाने गाडी थेट जाते. मात्र झाकिंथोस, केफालोनिया आणि इथाका इथे व्हेनिसच्या काळातल्या वास्तू शोधायला गेलात तर फारच थोड्या सापडतील. ऑगस्ट १९५३ च्या भूकंपांनी तिथली बहुतेक घरं जमीनदोस्त केली आणि झाकिंथोसमध्ये मागोमाग लागलेल्या आगीत जुनं दप्तरही जळालं. म्हणून जुने कागद चाळायचे असतील तर केर्किराचा अभिलेखागार गाठावा.

तारीख निवडता येत असेल तर २१ मे किंवा ११ ऑगस्ट धरावा. ११ ऑगस्टला केर्किरात बेटाचे रक्षक संत स्पिरिदोन यांच्या देहाची मिरवणूक निघते, ती १७१६ चा वेढा उठल्याची आठवण म्हणून. गावोगावची वाद्यपथकं आपापल्या गणवेशात असतात. गर्दी सकाळपासूनच दाटते, तेव्हा लवकर पोहोचावं.